व्हिनाईलच्या फरशीवरचे डाग : चवथीआधी काय निघेल, काय निघणार नाही?

अबोली_डिचोली | २० जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचं घर डिचोलीजवळ, चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, साठेक वर्षांचं. आत लाल सिमेंटची जमीन होती. सासूबाईंचे गुडघे धरले, पावसात ती जमीन थंडगार पडायची आणि जरा ओल सुटली की पाय सटकायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी वसरीत आणि स्वयंपाकघरात व्हिनाईलची शीट घातली. लाकडासारखं डिझाईन, दोन मीटर पन्ह्याचा रोल, खाली गोंद लावून चिकटवलेली. पहिलं वर्ष इतकं छान गेलं की येणारा प्रत्येकजण वाकून हात लावून बघायचा.

आता चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाच आठवडे राहिलेत. बेळगावहून नणंदेकडचे सगळे येणार, आणि मला फरशीकडे बघवत नाही.

ओट्यासमोर हळद सांडली होती. धुण्याचा सोडा लावून घासली तर पिवळा डाग लालभडक झाला. दारातलं पायपुसणं उचललं तर खाली त्याच मापाचा पिवळट तपकिरी चौकोन, कडा पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ. मोरीच्या दाराशी, जिथे मी विहिरीच्या पाण्याची बादली टेकवते, तिथे तांबूस वर्तुळं. आणि विहिरीकडच्या भिंतीला लागून एक गुलाबी झाक आलीय, ढगासारखी. तिथे कधी काहीच सांडलेलं नाही. गेल्या पावसात ती ताटाएवढी होती, आता सुपाएवढी झालीय.

शिवाय सगळ्या फरशीवर मेणचट थर. रोज काळं फिनाईल टाकून पुसते तरी चालताना पाऊल चिकटतं.

काय लावू? संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली हातात घेतली होती. सासूबाई म्हणाल्या, आधी कुणाला तरी विचार.

सागर_मिरामार | २० जुलै, रात्री १०.०५

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अ‍ॅसिड अजिबात नको. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल हेही नको. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने व्हिनाईल मऊ पडतं आणि वरचा थर विरघळतो. आमच्याकडे भावाने रंगाचा थेंब काढायला थिनर चोळला. रंग गेला, पण तिथली चकाकी कायमची गेली.

फरशीवाला_फोंडा | २१ जुलै, सकाळी ७.२०

अबोलीताई, मी फोंडा, डिचोली, साखळी या पट्ट्यात चौदा वर्षं फरशा घालतोय. तुम्ही डागांची जागा आणि आकार इतका नीट लिहिलाय की न बघताही बरंच सांगता येईल. हे चारही डाग एका जातीचे नाहीत. हळद आणि तांबूस वर्तुळं वरून आलेली आहेत, ती निघतील. पायपुसण्याचा चौकोन प्लास्टिकच्या आत गेलाय. आणि गुलाबी झाक खालून वर आलीय. तिन्हींना एकच औषध लावलंत तर हात दुखतील आणि फरशी खराब होईल.

चौकोनाचं आधी सांगतो, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या पायपुसण्याला खालून काळं रबर आहे ना? रबर टिकावं म्हणून त्यात काही रसायनं घालतात. ती रबरातून हळूहळू झिरपतात आणि व्हिनाईलमध्ये शिरतात. व्हिनाईल म्हणजे पीव्हीसी, आणि शीट मऊ राहावी म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो. त्यामुळे बाहेरचं रसायन ती सहज पिऊन घेते. मग जो रंग उमटतो तो वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो. जगातल्या कुठल्याही साबणाने तो येत नाही. कुणी दुकानदार बाटली दाखवून 'हमखास निघेल' म्हणाला तर पैसे देऊ नका.

हाच डाग वॉशिंग मशीनच्या रबरी पायांखाली येतो, खुर्च्यांना लावलेल्या रबरी बुचांखाली येतो, आणि पावसात स्कूटर आत घेतात त्यांच्याकडे टायरखाली येतो. मी काम संपवून निघताना प्रत्येक घरी सांगतो, दारात सुती पायपुसणं ठेवा, काथ्याचं ठेवायचं तर उंबऱ्याबाहेर ठेवा. विकत घेताना उलटं करून बघा, खाली रबर दिसलं तर परत ठेवा.

गुलाबी डागाबद्दल संध्याकाळी लिहितो. तोवर एक करा. त्या जागी अंगठा दाबून बघा, पोकळ वाटतं का, आणि नाक जवळ नेऊन वास घ्या.

रसायन_मास्तर | २१ जुलै, सकाळी ११.१५

हळदीचं मी सांगतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवत आलोय, त्यामुळे हा माझा आवडता डाग.

ताई, तुमच्याकडून डाग बिघडलेला नाही. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. तो आंबट पदार्थात पिवळा राहतो आणि सोड्यासारख्या खाऱ्या पदार्थात लाल होतो. आपलं पारंपरिक कुंकू असंच होतं, हळदीला चुन्याची जोड दिली की लाल. तुम्ही फरशीवर नकळत कुंकू केलंत. एका वाटीत पाणी घेऊन त्यात दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला, कापडाने टिपा, डाग पुन्हा पिवळा होईल. तेवढ्याने तो जाणार नाही, पण सोडा निघून जाईल आणि पुढचा उपाय लागू पडेल.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने हळद पसरते, निघत नाही. ताजा डाग असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब आणि कोमट पाणी पुरतं. तुमचा जुना आहे, तर औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साईड आणा. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांचं करा. कापसाची घडी त्यात भिजवून डागावर ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा, त्यावर एखादी ताटली. तासाभराने बघा. फिकट झाला असेल तर पुन्हा ठेवा. चोळायचं नाही. हातात मोजे घाला, आणि आधी फ्रीजखालच्या कोपऱ्यात करून बघा, डिझाईनचा रंग उडत नाही ना ते.

उन्हातही हळदीचा रंग उडतो. हळदीने माखलेलं फडकं दोन दिवस दोरीवर टाकलं की पांढरं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण जुलैत ऊन आणायचं कुठून, आणि फरशी काही अंगणात नेता येत नाही.

तांबूस वर्तुळं लोखंडाची. विहिरीचं पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की तळाला तांबडा गाळ बसतो का? बसत असेल तर पाण्यात लोह आहे. ते पाण्यात विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही, हवा लागली की गंज होऊन बसतं. त्यावर लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्व : एक चमचा कपभर कोमट पाण्यात, फडकं भिजवून दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने दोनदा पुसणं.

पेडण्याची_बाय | २१ जुलै, दुपारी ३.३०

एवढा खटाटोप कशाला? मी सगळ्यावर ब्लीचिंगचं पाणी मारते. आमच्याकडे विहिरीत पण ब्लीचिंग पावडर घालतात.

रसायन_मास्तर | २१ जुलै, दुपारी ४.०२

बाय, रागावू नका, पण इथे मला ठामपणे लिहावं लागेल. गंजाच्या डागावर ब्लीच घातलं की तो आणखी पक्का बसतो. आणि अबोलीताई आत्ताच त्या फरशीवर लिंबू नाहीतर व्हिनेगर लावणार आहेत. ब्लीच आणि आंबट पदार्थ एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पावसात दारंखिडक्या बंद, लहानसं स्वयंपाकघर, घरात गुडघ्याने अडकलेलं वडीलधारं माणूस. हा धोका घ्यायचा नाही. संडासच्या अ‍ॅसिडबरोबर ब्लीच घातलं तरी तेच होतं, आणि घरोघरी बायका नकळत हेच करतात. एका दिवशी एकच औषध, आणि मध्ये भरपूर पाणी.

पेडण्याची_बाय | २१ जुलै, दुपारी ४.४०

हे माहीत नव्हतं सर. मी दोन्ही एकदमच घालत होते, आणि दर वेळी खोकला यायचा. आजपासून बंद.

किनाऱ्यावरची | २१ जुलै, संध्या. ६.१०

मध्येच विचारते. आम्ही कळंगुटला राहतो. मे-जूनमध्ये किनाऱ्यावर तेलगोळे येतात ते चपलांना चिकटून घरात येतात. व्हिनाईलवर काळे डांबरी ठसे. खरवडून निघत नाहीत.

सागर_मिरामार | २१ जुलै, संध्या. ६.३५

खरवडू नका, चरे पडतील. खोबरेल तेलाचं बोट लावा, पाच-सात मिनिटं थांबा. डांबर तेलात सैल पडतं. मऊ कापडाने उचलून घ्या, मग भांड्यांच्या लिक्विडने तेल काढा, नाहीतर घसराल. पायाला लागलेलं डांबरही आम्ही असंच काढतो. मात्र ठसा आठवडाभर तसाच राहिला तर खाली पिवळी सावली राहते, म्हणून त्याच दिवशी काढा. आम्ही मेपासून दाराबाहेरच जुना टॉवेल आणि तेलाची बाटली ठेवतो.

फरशीवाला_फोंडा | २१ जुलै, रात्री ९.००

आता गुलाबी. ताई, वास घेतलात का?

अबोली_डिचोली | २१ जुलै, रात्री ९.२५

घेतला. बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखा वास आहे. अंगठा दाबला तर थोडं दबतं. खरं सांगायचं तर भीतीच वाटली.

फरशीवाला_फोंडा | २१ जुलै, रात्री १०.१०

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. तो डाग तुमच्या फरशीच्या वर नाहीच. खाली ओल आहे आणि ओलीत बुरशी-जंतू वाढलेत. त्यांतले काही गुलाबी रंग तयार करतात. तो रंग शीटमधल्या त्या तेलकट द्रवात विरघळतो आणि झिरपत झिरपत वर येतो. म्हणून वरून कितीही पुसा, काही फरक पडत नाही.

ओल कुठून, ते तुमच्या पहिल्या ओळीतच आहे. साठ वर्षांचं चिऱ्यांचं घर. त्या काळी जमिनीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर घालत नसत. चिरा पाणी पितो, जमीन पावसाळाभर खालून श्वास सोडल्यासारखी वाफ सोडते. लाल सिमेंट असताना ती वाफ वर निघून जायची, तुम्हाला ती 'ओल सुटली' म्हणून दिसायची. वर व्हिनाईल चिकटवलं, तोंड बंद झालं. वाफ तिथेच कोंडली. विहिरीच्या बाजूला पाणी जास्त, म्हणून तिथे आधी दिसलं.

ज्याने काम केलं त्याने आधी चाचणी घ्यायला हवी होती. दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने बंद करून जमिनीवर चिकटवायचा, दोन दिवस ठेवायचा. खाली दव जमलं किंवा जमीन काळवंडली तर फरशी चिकटवायची नाही. मी ही चाचणी पावसाळ्यातच घेतो. एप्रिलमध्ये गोव्यातली प्रत्येक जमीन कोरडी दिसते.

कोपरा उचलून बघा. नाकातोंडाला कापड बांधा.

अबोली_डिचोली | २७ जुलै, दुपारी २.१५

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. आठवडाभर एकेक डाग घेऊन बसले. आता क्रमाने सांगते.

हळद : व्हिनेगरचं पाणी टिपलं आणि डोळ्यांदेखत लालचं पिवळं झालं. सासूबाईंना बोलावून दाखवलं. मग पेरॉक्साईडची घडी. पहिल्या तासात फारसं काही नाही. दुसऱ्यांदा कडा फिकट झाल्या. तीन दिवसांत पाच वेळा ठेवली. आता तिथे डाग होता हे फक्त मला कळतं.

गंजाची वर्तुळं लिंबूसत्त्वाने दहा मिनिटांत गेली. बादली आता लाकडी पाटावर ठेवते.

चौकोन : तुमचं ऐकलं तरी एकदा पेरॉक्साईड लावून बघितलंच. तसाच आहे.

गुलाबी जागेचा कोपरा दिराने सुरीने उचलला. गोंद ओला, दह्यासारखा. शीटच्या पाठीवर काळे ठिपके, सिमेंटवर पाण्याचे थेंब. वास इतका आला की आम्ही दोघंही बाहेर जाऊन उभे राहिलो. आता काय करू? चवथीला महिना राहिलाय आणि गणपती त्याच भिंतीशी बसतो.

फरशीवाला_फोंडा | २७ जुलै, रात्री ८.४५

तेवढा पट्टा काढून टाका. थेंब दिसले त्याच्याही पुढे फूटभर, कोरडं लागेपर्यंत. सरळ पट्टी ठेवून कापा, म्हणजे कड स्वच्छ दिसेल. उरलेल्या शीटच्या कडेला धातूची पट्टी मारून घ्या, नाहीतर पाय अडकेल आणि पुसताना पाणी आत जाईल. व्हिनाईलमधून पाणी आरपार जात नाही हे खरं, पण सांध्यातून आणि कडेतून जातं.

खालचं सिमेंट उघडंच ठेवा. गोंद कोमट पाण्याने भिजवून लाकडी उलथन्याने काढा. बुरशीवर पेरॉक्साईड लावा, पंखा चालू ठेवा. या पावसात त्यावर नवीन काहीही चिकटवू नका. दिवाळीनंतर जमीन सुकेल, तेव्हा चाचणी घेऊन बघू. भिंतीबाहेर पागोळ्यांचं पाणी पायाशीच पडतंय का तेही बघा. पन्हळ लावून पाणी लांब सोडलंत तर निम्मी ओल तिथेच कमी होईल.

चौकोनाचं : रोलचा उरलेला तुकडा माळ्यावर असेल तर जपून ठेवा. चौकोन कापून तेवढाच नवा बसवता येतो. रोल संपला की तेच डिझाईन पुन्हा मिळत नाही.

होमस्टे_हरमल | २८ जुलै, सकाळी ६.५०

रोजच्या स्वच्छतेबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहिते. हरमलला माझ्या चार खोल्या आहेत, सगळीकडे व्हिनाईलच्या पट्ट्या. सहा वर्षं झाली. पाहुणे थेट समुद्रावरून येतात, त्यामुळे माझा मुख्य शत्रू वाळू. डाग काढता येतो, वाळूचा चरा काढता येत नाही. वरचा पारदर्शक थर मिलिमीटरचा अंशभागच असतो. वाळू पायाखाली घासली की तो धूसर होतो आणि मग सगळा मळ त्या चऱ्यांत बसतो. म्हणून माझ्याकडे ओल्या फडक्याआधी दिवसातून दोनदा मऊ केरसुणी. दाराबाहेर पाय धुवायचा नळ, चटई, मग दार.

अबोली, तुझ्या मेणचट थराचं कारण बहुतेक ते फिनाईलच आहे. काळं फिनाईल डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांचं असतं, ते व्हिनाईलला पिवळटही करतं. आपण टोपणाच्या अंदाजाने जास्त टाकतो, पुन्हा साध्या पाण्याने पुसत नाही, आणि रोज एक पातळ पापुद्रा चढत जातो. त्यावर धूळ बसते, आपल्याला वाटतं फरशी मळली, मग आणखी फिनाईल. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. माझ्या आईची तर खात्रीच होती की फिनाईलचा वास आला नाही म्हणजे घर पुसलंच नाही.

थर काढायला अर्ध्या बादलीत, म्हणजे पाचेक लिटर कोमट पाण्यात, अर्धा कप पांढरं व्हिनेगर. दोन हात लांबी-रुंदीचा तुकडा घे, फडकं घट्ट पिळून पूस, लगेच दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्याने पूस, मग पुढे सरक. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं होईल. हे महिन्यातून एकदाच. रोज आंबट पाणी लावलं तर चकाकी मंदावते. रोजच्याला तेवढ्याच पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक छोटा चमचा. फेस दिसला तर जास्त झालं असं समज.

वाफेचा मॉप कुणी भेट दिला तरी व्हिनाईलवर चालवू नकोस. माझ्या एका खोलीत उष्णतेने गोंद सुटला आणि दोन पट्ट्यांच्या कडा पानासारख्या वर वळल्या. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडरही नको. चपलेच्या काळ्या रेघा असतील तर शाळेचा खोडरबर पुरतो.

चिरेबंदी | २८ जुलै, सकाळी ९.३०

आजीच्या घरी शेणाने सारवलेली जमीन होती. तिच्यावर डाग म्हणून काही राहायचाच नाही, चार दिवसांनी नवा हात फिरायचा. व्हिनाईलला तो हात देता येत नाही, म्हणून इथे जपणूकच महत्त्वाची.

आमच्याकडे मे महिन्यात काजूची बोंडं पिळताना रस सांडून तपकिरी डाग पडले, आणि भिरंडांच्या (कोकमाच्या) आगळाचे, म्हणजे घट्ट रसाचे, जांभळट. आगळाचे व्हिनेगरच्या पाण्याने गेले. काजूचे राहिलेत. काय करावं?

रसायन_मास्तर | २८ जुलै, दुपारी १२.००

आगळावर सोडा लावला नाहीत हे बरं केलंत, तो रंग सोड्याने निळा-हिरवा होतो. काजूच्या रसात तुरट द्रव्य असतं, हवेने ते काळपट होत जातं. पेरॉक्साईडची घडी वरच्यासारखीच, धीराने. बोंडाचा रस असेल तर फिकट होईल. बी भाजताना उडालेलं टरफलाचं तेल असेल तर ते फार दाहक, हातालाही फोड आणतं. ते व्हिनाईलमध्ये मुरलं असेल तर निघायचं नाही.

अबोली_डिचोली | ३० ऑगस्ट, रात्री ११.२०

आज जरा बसायला मिळालं.

विहिरीकडचा साडेचार फुटांचा पट्टा काढला. गोंद खरवडायला तीन दिवस लागले. खालचं लाल सिमेंट पांढुरकं, डागाळलेलं निघालं. सासूबाई म्हणाल्या, हे माझ्यावर सोड. नारळाचा रस काढल्यावर उरलेला चोथा त्या रोज संध्याकाळी फडक्यात बांधून मला देत आणि खुर्चीत बसून 'इथे घास, तिथे घास' असं सांगत. पंधरा दिवसांत त्यावर समईची ज्योत दिसायला लागली. गणपती तिथेच बसला, वर फळा-पानांची टांगलेली माटोळी, खाली उघडी जमीन. पावसात थोडी ओल सुटते, सुती चादर टाकून ठेवतो.

दारातला चौकोन बदलला. माळ्यावर तुकडा होता, फोंड्याच्या दादांनी सांगितलं तसं केलं. नवा तुकडा जरा उजळ दिसतो. फिनाईल बंद. पाऊल चिकटत नाही.

आरतीला वाड्यावरची पंचवीस-तीस माणसं ओल्या पायांनी आली. मी दाराबाहेर चटई आणि टॉवेल ठेवला होता, सगळ्यांनी पाय पुसले. समईचं तेल मात्र सांडलंच, व्हिनाईलच्या बाजूला, तळहाताएवढं.

होमस्टे_हरमल | ३० ऑगस्ट, रात्री ११.४०

आज रात्रीच त्यावर तांदळाचं पीठ भुरभुर. सकाळी झाडून घे, मग लिक्विडचा एक थेंब. पुढच्या वर्षी समईखाली पितळी ताट ठेव.

अबोली_डिचोली | ३१ ऑगस्ट, सकाळी ८.०५

निघालं. पीठ मुंग्या लागायच्या आत झाडलं. ताट आजपासूनच ठेवलंय.